बाईंचं वर्तुळ, रेघोबांची रेघ

भूमितीच्या बाईंनी हाताने काढलेल्या वर्तुळावर माशी बसत नसे. बसलीच तर टिकत नसे. पाय रोवायला कुठे कोपराच सापडायचा नाही, मग बिचारी घसरत घसरत खाली खडूंच्या डब्यात येऊन पडायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भलामोठा लाकडी परकार लावून बाईंचं वर्तुळ पडताळून पाहिलं. फरक निघाला. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, खाकरले, आणि परकार दुरुस्तीला पाठवला. यातलं माशीचं थोडं इकडेतिकडे असेल, परकाराचं मात्र अगदी खरं.

बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. सगळे त्यांना रेघोबा म्हणत. पट्टीला हात न लावता त्यांची रेघ अशी सरळ यायची की रांग चुकलेल्या मुंग्या ती बघून पुन्हा ओळीत लागत. पहिल्यांदा ते शाळेत आले ते गच्चीवरची टाकी मोजायला. खिडकीतून त्यांना फळ्यावरचं वर्तुळ दिसलं. ते थेट वर्गात शिरले आणि म्हणाले, "वर्तुळ झकास आहे हो, पण एकटं दिसतंय." खडू उचलून एका फटक्यात त्यांनी वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी स्पर्शिका ओढली. पोरींनी बाकं बडवली. बाईंनी रेघोबांना वर्गाबाहेर काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याशी लग्न केलं.

तेव्हापासून संध्याकाळच्या चहानंतर हा खेळ ठरलेला. बाईंनी वर्तुळ काढायचं, रेघोबांनी स्पर्शिका. रेघोबांची एक लकब होती. आधी खडू वर्तुळावरून नुसताच फिरवायचे, न टेकवता, एक फेरी, दोन फेऱ्या. मग कुठेतरी "सुटली!" म्हणायचे आणि हात वर्तुळ सोडून सरळ निघून जायचा. बाई नाक फळ्याला लावून तपासायच्या. मध्ये फट दिसली तर रेघोबांनी कप धुवायचे. रेघ वर्तुळात शिरली तर कप आणि पातेलंही.

"केसभर आत गेलीय," बाई म्हणायच्या.

"कुणाचा केस? तुमचा की माझा? माझे आता राहिलेत कुठे!"

"केस म्हणजे केस. छेदिकेला मी स्पर्शिका म्हणणार नाही. जन्मात म्हटलेलं नाही."

निवृत्त होताना बाईंनी सत्काराऐवजी शाळेचा जुना फळा मागून घेतला. तो बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोर लागला.

रेघोबांना अर्धांगाचा झटका आला तो याच फळ्यापुढे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते बाईंकडे असे बघत होते, जसं आपण बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसाकडे बघतो: तक्रार नाही, ओळखही नाही. त्यांची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं, मदतीला येऊन राहिल्या. वन्संची जीभ विळीसारखी होती, पण भावाला भरवताना तिला धार नसायची.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. जाता जाता, चप्पल घालताना तिने सहज सांगितलं, "जुन्या सवयीतलं काहीतरी ते आपणहून करतील बघा, बाई. तसं झालं, की समजा परत यायला लागलेत."

ती मुलगी बोलून विसरून गेली. बाईंनी मात्र त्या वाक्यावर आपला सगळा जीव टांगला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाकाची खुर्ची फळ्यापुढे आणली, वर्तुळ काढलं, आणि रेघोबांच्या डाव्या हातात खडू दिला.

खडू वर्तुळावर टेकला. फिरायला लागला. बाई पुढे सरकल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, दहावी झाली. हात काही सुटेना. घाण्याला जुंपल्यासारखा तो फिरतच राहिला. रेघ सुतळीएवढी जाड झाली, मग दोरखंडाएवढी. शेवटी खडू संपून नख घासायला लागलं, तेव्हा बाईंनी हात धरून थांबवला.

रोज तेच. "सोडा आता," बाई कानाशी म्हणायच्या. "सुटा. अहो, सुटा ना."

मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. मोठ्या वर्तुळाचा वळसा मंद; स्पर्शिका आणि वर्तुळ बराच वेळ जवळजवळ चालतात, म्हणून बिचाऱ्यांना कुठे सुटावं कळत नसेल. वर्तुळ लहान केलं की वळण कडक होईल, सुटणं सोपं जाईल. हिशेब बिनचूक होता. बाईंनी ताटाएवढं काढलं, मग वाटीएवढं, मग बांगडीएवढं. रेघोबा बांगडीतही फिरत राहिले. तिथे तर पांढरा गोळाच झाला.

"माणूस आजारी आहे, गणित नाही," वन्सं दारातून म्हणाल्या.

"तुम्ही नका बोलू हो मध्ये, वन्सं."

"बरं. फळा पुसायचं फडकं धुऊन ठेवलंय, तेवढं सांगायला आले होते."

आणि एक दिवस बाईंनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. कुठल्याही विद्यार्थ्याला त्यांनी परीक्षेत कधी भुवईनेसुद्धा खूण केली नव्हती. त्या दिवशी त्यांनी वर्तुळ काढलं आणि शेजारी हलक्या हाताने ठिपक्यांची स्पर्शिकाही काढून ठेवली. रेघोबांचा खडू फिरत फिरत ठिपक्यांशी आला, अडखळला, आणि ठिपक्यांमागून चालू लागला.

"वन्सं! सुटली! अहो वन्सं, धावा!"

वन्सं ओल्या हातांनी धावत आल्या. खडू ठिपक्यांवरून पुढे गेला, ठिपके संपले तिथे थांबला, आणि आल्या वाटेने मागे फिरून पुन्हा वर्तुळात शिरला. वन्संनी ठिपके पाहिले. मग भावजयीकडे पाहिलं. एरवी त्यांनी बाईंना सोलून काढलं असतं. त्या दिवशी ओले हात झटकत आत गेल्या, आणि तेच बाईंना जास्त लागलं. फळा पुसताना त्यांना आपलीच लाज वाटली. नापास मुलाची उत्तरपत्रिका आपणच लिहून त्याला शाबासकी दिल्यासारखी.

त्यानंतर काही दिवस फळा कोराच राहिला. रेघोबांचा डावा हात मांडीवर गोल गोल फिरायचा. ते बघवेना, म्हणून एका सकाळी बाईंनी पुन्हा वर्तुळ काढलं, मध्यमसं, फळ्यावर जरा डावीकडे वरच्या अंगाला, आणि त्याच्या मधोमध केंद्राचा बिंदू दिला. खडू त्यांच्या हातात ठेवला, एवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. त्या धावल्या. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.

फळ्यावर रेघ होती.

वर्तुळावरून गेलेली नव्हती. वर्तुळाजवळही नव्हती. खाली उजवीकडे, चांगलं वीतभर अंतर सोडून, तिरकी. डाव्या हाताची थरथर तिच्यात होती, वाऱ्यावरच्या दोऱ्यासारखी. पण दोऱ्याची दोन्ही टोकं कुणीतरी ताणून धरावीत तशी दिशा पक्की होती. ठिपके नव्हते. खूण नव्हती. आपणहून काढलेली.

वन्संही येऊन उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "लागलीच नाही गं."

"नाही लागली."

"कुठेच नाही."

बाईंना ते दिसत होतं. एवढी फट त्यांनी पहिलीतल्या पोराचीही चालवून घेतली नसती. आणि त्या वीतभर जागेत त्यांना सगळंच दिसलं: फिरवून फिरवून "सुटली!" म्हणणारा तो माणूस परत यायचा नाही. खुर्चीतला माणूस आहे, रेघ त्याची आहे, पण ती बाईंच्या वर्तुळापर्यंत आता पोचायची नाही. उद्या नाही, परवा नाही.

रेघोबा वळून त्यांच्याकडे बघत होते. तपासायला वही दिलेलं पोर बघतं तसे.

"चूक आहे का गं?" वन्संनी विचारलं. "सांग की त्याला काहीतरी."

बाईंनी नाक पुसलं. खडू घेतला. केंद्राच्या बिंदूवरून रेघोबांच्या रेघेवर त्यांनी लंब टाकला. तो रेघेच्या अगदी टोकाशी, जेमतेम तिच्यावर पडला. तिथे खडू टेकवून त्यांनी एक श्वास घेतला आणि खांद्यापासून हात फिरवला. तेच केंद्र, वर्तुळ मात्र मोठं. डाव्या बाजूला ते फळ्याच्या चौकटीवरून गेलं, वर तर भिंतीवर चढलं, चुना खरवडत आलं, आणि खाली उतरून रेघोबांच्या रेघेला टेकलं. एका बिंदूत. आत नाही, बाहेर नाही.

"चूक नाही," बाई म्हणाल्या. "रेघ बरोबर आहे. वर्तुळ माझं लहान होतं."

"भिंत खराब झाली," वन्सं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

रेघोबांनी पुढे वाकून नव्या वर्तुळावर खडू टेकवला. फिरायला लागले. खालचा अर्धा भाग जमला. वर हात पोचेना, हवेतच लोंबकळला. बाई खुर्चीमागे गेल्या, त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरून वळवून पलीकडे उतरवून दिलं. मग पुढची फेरी आली. बाई तिथेच उभ्या राहिल्या.