सर्वानुमते

पुष्पांजलीच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे मोतीराम सरांना नेमकं ग्रामसभेच्या सतरंजीवर आठवलं. पत्र येऊन आठ वर्षं झाली होती. शब्दकोशात घडी घालून ठेवलेलं ते पत्र अजून तिथंच होतं. आणि इथं, सोनाळ्याच्या ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला होता, दोन ऑक्टोबरचं ऊन कनातीतून आत येत होतं, आणि ग्रामसेवक घरघरत्या माइकवर वाचत होता, “विषय क्रमांक एक. मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे.”

“मंजूर,” मागून चार-दोन आवाज आले. ग्रामसेवकानं पान उलटायला बोट ओलं केलं. कार्यवृत्त वाचून दाखवायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते कधीच वाचलं जात नाही हेही.

पुष्पांजली सरांची विद्यार्थिनी. नर्स होऊन इंग्लंडला गेली. तिकडं देशभर मतदान झालं, युरोपासोबत राहायचं की बाहेर पडायचं यावर. हिच्याकडं पासपोर्ट भारताचा, पण तिथल्या नियमानं हिलाही मत मिळालं. तिनं राहायच्या बाजूनं दिलं आणि ती बाजू हरली. नंतर तिथं वाद सुरू झाला, की आता शेवटचा शब्द संसदेचा असावा का. तिनं लिहिलं होतं, ‘सर, लोकांच्या वतीनं संसद निर्णय घेते, असं तुम्ही शिकवलं. पण लोक स्वतःच बोलून गेले असतील तर? संसदेनं हे उलटवावं असं मला मनातून वाटतं, आणि वाटतं याची लाजही वाटते. बरोबर काय?’

सरांनी सात वेळा उत्तर लिहायला घेतलं. एकदा संसदेच्या बाजूनं लिहिलं, एकदा लोकांच्या. दोन्ही वेळा वाचून पाहिलं तर दोन्ही खोटं वाटलं. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला एका पोरीच्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. रुक्मिणीबाईंना अर्थात माहीत होतं. “शाई वाळली आसंन आता त्या पत्राची,” असं त्या दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी म्हणायच्या.

चार दिवसांपूर्वी मनकर्णाबाई ओसरीवर आली. तिच्या अकरा बकऱ्या. गावाबाहेरच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराऊ रानात चारायची. तिनं पदराखालून एक झेरॉक्स काढली.

“वाचा बरं मास्तर. ई-क्लासवर चुना टाकून राह्यले. म्या इचारलं तं पोट्टे म्हंते, बुढे, तुनंच तं अंगठा देल्ला.”

सरांनी चष्मा लावला. पंधरा ऑगस्टच्या सभेचा ठराव होता. ई-क्लासची पन्नास एकर जमीन सौर प्रकल्पाला तीस वर्षांसाठी देण्यास ‘ग्रामसभेने सर्वानुमते मंजुरी दिली.’

सरांनी ते दोनदा वाचलं. त्या दिवशी हात मोजले गेले होते. हो म्हणणारे अडतीस, नाही म्हणणारे दोनशे चौदा. अडतीसांतला एक हात सरांचा होता. शेताला दिवसा वीज मिळावी, अंधारात पाणी द्यायला जाणाऱ्याला साप चावू नये, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. गावानं ऐकलं नाही. सर गुमान घरी आले होते.

“पण हे तर…” सर म्हणाले आणि थांबले. मजकुराखाली सह्या होत्या. पहिली त्यांचीच, गोल, वळणदार.

सोनाळ्याची रीतच तशी होती. सभा चालू असतानाच रजिस्टर फिरायचं. वरचं पान कोरं, खाली हजेरीच्या सह्या. ठराव मागाहून कार्यालयात बसून वर लिहायचा. वडीलधारे म्हणून रजिस्टर आधी सरांपुढं यायचं. त्यात मान होता. निवृत्तीनंतर पंधरा वर्षं त्यांनी त्या कोऱ्या पानावर पहिली सही केली होती.

“मास्तरची सही पाहूनच म्या अंगठा देल्ला,” मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच सरांना सोसेना.

ती गेल्यावर रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “आता काय कराचं?”

“काय करू? बोलता येत नाही मला चारचौघांत.”

“वर्गात कसे बोलत होते मंग?”

“तिथं पुस्तक असायचं हातात.”

रुक्मिणीबाईंनी झेरॉक्स उचलून त्यांच्या हातात परत दिली. “हे घ्या पुस्तक.”

तर आता तीच झेरॉक्स खिशात होती आणि ग्रामसेवकानं पान उलटलं होतं.

“वाचा,” सर म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. ते उठले. गुडघा कटकन वाजला. “कार्यवृत्त वाचा आधी.”

मांडव वळून पाहू लागला. सरपंच शेखर खुर्चीवरून हसला. तोही त्यांचाच विद्यार्थी. दहावीला नागरिकशास्त्रात पहिला आलेला. “सर, बसा ना. आजपर्यंत कोनी वाचलं हाय काय?”

“म्हणूनच वाचा.”

ग्रामसेवकानं शेखरकडं पाहिलं. शेखरनं मान हलवली. ग्रामसेवक भरभर वाचत गेला, पण ‘सर्वानुमते’ या शब्दाशी मांडवात कुजबुज उठली आणि त्याला थांबावं लागलं.

“सर्वानुमते म्हंजे काय जी?” मनकर्णाबाईनं बायकांच्या बाजूनं विचारलं.

“म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं,” सर म्हणाले.

“म्या कवा म्हनलं?”

शेखर उठून सरांजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “सर, लोकायनं रागात हात वर केले. त्याइले सोलर काय समजते? आमी निवडून आलो, जबाबदारी आमची. तुमीच शिकवलं, प्रतिनिधी निर्णय घेते. अन् तुमी तं स्वतः हो वाले होते.”

“होतो.”

“मंग तुमच्या मनासारखंच झालं ना? काऊन खोळंबा करता?”

इतकी वर्षं जे उत्तर कागदावर उतरत नव्हतं, ते शाळेतली भाषा सोडून घरच्या भाषेत तोंडात आलं.

“शेखर, म्या हारलो होतो. माह्या हारन्याचं बी त्या पानावर नाव पाह्यजे. तुले गावाच्या उलट जाचं हाय? जाय. सदस्यायची सभा घे, हात वर करा, आपापली नावं लिवा, खाली आपल्या सह्या करा. अन् मंग पुढच्या निवडणुकीत दारोदार येऊन सांग, का म्या उलट गेलो, ह्या ह्या कारनासाठी. म्या मत देईन कदाचित तुले. पन आमच्या तोंडातून हो वदवू नोको.”

कुणीतरी माइक त्यांच्याजवळ सरकवला होता, हे त्यांना उशिरा कळलं. सगळ्या मांडवानं ऐकलं होतं. सर लाजले आणि खाली बसले.

“ठराव जिल्ह्याले गेला सर,” ग्रामसेवक पुटपुटला. “आता वापस येत नाई.”

“मग आजचं लिहा. हे कार्यवृत्त नामंजूर, आणि त्या दिवशी हो किती, नाही किती.”

“लिहितो मागून. पह्यले हजेरी होऊ द्या.” त्यानं सवयीनं रजिस्टर सरांपुढं धरलं. वरचं पान कोरं.

सरांनी ते घेतलं, पाहिलं आणि सही न करता शेजारच्याकडं दिलं. शेजारच्यानं सरांकडं पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि पुढं दिलं. रजिस्टर पुरुषांतून बायकांत गेलं. मनकर्णाबाईनं शाईचा पॅड हातानं बाजूला सारला. अर्ध्या तासानं ते परत आलं तेव्हा त्यावर अकरा सह्या होत्या, शेखरच्या माणसांच्या. मांडवात तीनशे माणसं बसून होती आणि एकही उठत नव्हतं.

शेखरनं त्या सह्या बोटानं मोजल्या; अकरांवर सभेचा कोरमही भरत नव्हता. मग ग्रामसेवकाला म्हणाला, “लिवा बे. वाचून दाखवा.”

सह्या व्हायला दुपार झाली.

जिल्ह्यातून काही उत्तर आलं नाही. चुन्याच्या रेघा तशाच राहिल्या. आठवड्यानं त्यांवर लोखंडी खुंट्याही ठोकल्या गेल्या. मनकर्णाबाई त्यांच्यामधून बकऱ्या नेत राहिली. सरांनी शब्दकोशातून पत्र काढलं आणि एका बैठकीत लिहिलं:

‘चि. पुष्पांजली, तुला लाज वाटली होती, ती बरोबर होती. शेवटचा शब्द कुणाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही. संसदेचा असला, तर तो तिनं स्वतःच्या नावानं उच्चारावा आणि त्याची किंमत स्वतः भरावी. एवढंच मला कळलं, तेही फार उशिरा. मी चुकतही असेन.’

पोस्टाच्या पेटीशी मनकर्णाबाई बकऱ्या घेऊन उभी होती. एका बकरीनं लिफाफ्याकडं तोंड नेलं. तिनं तिला कानाला धरून मागं ओढलं.

“कोनाले लिवलं मास्तर?”

“पुष्पाले. तिनं एक विचारलं होतं.”

“कवा?”

“आठ वर्षं झाली.”

मनकर्णाबाईला त्यात काही नवल वाटलं नाही. “वाचून मंग सही केली ना?”

“हो,” सर म्हणाले, आणि पत्र पेटीत टाकलं.