आठ हातांची घसरगुंडी आणि फार सभ्य गाव

मित्रांनो, मी सिमेंटचा एक म्हातारा ऑक्टोपस आहे. माझ्या आठ हातांपैकी पाच घसरगुंड्या, दोन जिने आणि एक नुसताच. तो कशासाठी केला, हे मोरिवाकी गवंड्यालाही कधी सांगता आले नाही. त्याने मला थापीने गोंजारत घडवले आणि स्वतःच्या पँटची शिवण उसवेपर्यंत घसरून पाहिले. बंदरामागच्या या बागेत मी बावन्न वर्षे बसून आहे. तेव्हा मी लालभडक होतो. मुले माझ्याभोवती गात:

एका हाती चढू, दुज्या हाती सरू,
दर्या आला अंगणी, त्याला मिठी मारू.

मग नगरपालिकेने हात आखडला. आधी झोपाळे गेले, मग नळ मुका झाला. मला रंग मिळेना. लालाचा मी गुलाबी झालो, आणि आता मुरवलेल्या आल्यासारखा दिसतो. गेल्या उन्हाळ्यात हुकूम आला: तीन दिवसांत तीस माणसे आत आली नाहीत, तर बाग बंद आणि माझ्यावर घण.

मोजायला मिझोगुचीसाहेब आले. कोट, घडीची खुर्ची, मांडीवर कागद. मोजणाऱ्याने कुणाशी बोलायचे नाही, असा नियम.

सकाळी साडेसहाला रोज रेडिओ लावून व्यायाम करणारी मंडळी आली आणि फाटकातच थबकली.

"श्श! साहेब कामात आहेत."

"मग रेडिओ नको. उगाच त्यांना त्रास."

सगळे माफी मागत कमरेत वाकले. साहेबही वाकले. त्यामुळे तर आपण व्यत्यय आणल्याची मंडळींची खात्रीच पटली. ती मासळीबाजारामागे जाऊन हातपाय हलवू लागली. हामासाकी आजोबांनी तर कुत्र्याचे तोंड धरून त्याला काखोटीला मारले आणि लांबून वळसा घातला. फाटकाशी वाकून परत जाणाऱ्यांसाठी कागदावर रकाना नव्हता. दोन दिवस गेले. शून्य आणि शून्य. मला आठ हात, पण एकही हलवून बोलावता येईना!

तिसऱ्या दुपारी तोकुदा आजींना साहेबांची दया आली. बार्लीचा थंडगार चहा घेऊन त्या चवड्यांवर आत आल्या.

"माफ करा हं. उन्हात बसलाय म्हणून... अहो, हे शून्य कसलं?"

साहेबांनी मुकाट्याने कागद त्यांच्याकडे फिरवला. आजींनी वरचा हुकूम वाचला आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.

"अगं बाई! सभ्यपणा करून बाग बुडवली की हो आम्ही!"

साहेबांनी एक रेघ ओढली. आजी फाटकाकडे धावल्या.

"हामासाकी! आत या!"

"साहेबांना त्रास होईल ना?"

"होऊ दे! त्रासच मोजायला आलेत ते!"

मग गल्लीच लोटली. हामासाकी आजोबा माझ्या तिसऱ्या हातात अडकले.

"पोट आत घ्या, पोट!"

"आत जात असतं तर अडकलो असतो का?"

मला गुदगुल्या होत होत्या आणि धडकीही भरली होती. पाचला मोजणी संपणार. पाचला दोन मिनिटे कमी, आणि आकडा एकोणतीस. फाटकात टोफूवाले कुसुमोतो आणि न्हावी इवानागा उभे.

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही वडीलधारे."

"वडीलधारा सांगतोय, आधी तुम्ही."

दोघे वाकत राहिले. साहेबांनी पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाला धक्का न लावलेल्या तोकुदा आजींनी बाहेरून वळसा घातला आणि दोघांच्या पाठीत दोन्ही हात रोवून असा रेटा दिला की ते वाळूत पालथे पडले.

"एकतीस," मिझोगुचीसाहेब म्हणाले. तीन दिवसांतला तो त्यांचा पहिला शब्द.

आजींनी पडलेल्यांची वाकून माफी मागितली, तीन वेळा.

बाग राहिली. रंग अजून मिळालेला नाही, पण मुलांच्या चड्ड्यांनी घासून माझी पाठ आरशासारखी चकाकते. मित्रांनो, बागेला जपायचे म्हणजे लांबून नमस्कार करायचा नसतो. तुमच्या बागेत जा. चढा, पडा, दंगा करा. आणि फाटकात कुणी "आधी तुम्ही" म्हणाला, तर त्याला काखोटीला मारून आत घुसा.