बुधवारी कुणाचं नाव घ्यायचं

दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनासभा भरायची. तिचा एक नियम होता. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण पाळकांपासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत सगळे तो पाळायचे. एकदा कुणी डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, की ती संपेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. माणूस देवाशी बोलत असताना त्याला टोकणार कोण? त्यामुळे चहाच्या टेबलावर ज्या गोष्टी चहाडी ठरल्या असत्या, त्या इथे राजरोस बोलता यायच्या. सुरुवातीला तेवढं 'हे पित्या' म्हटलं की झालं. चर्चची मंडळी मोजकीच होती, तिची खोड जुनी होती आणि देवाला सगळं आधीच ठाऊक असल्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

या नियमानंच ऑर्गनबाईंचं घर रिकामं केलं होतं.

आठवडाभर त्या घरी बसून लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवत, शुक्रवारी गाणाऱ्यांची तालीम घेत आणि रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवत. म्हणून सगळे त्यांना ऑर्गनबाई म्हणायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एकुलती एक मुलगी. तिला दिवस गेले आणि लग्न झालेलं नव्हतं. मुलीनं आईला सांगितलं आणि वर बजावलं, एवढ्यात कुणाला बोलू नकोस. ऑर्गनबाई कुणाला बोलल्याही नाहीत. फक्त हेडबाईंना सांगितलं. आणि हेडबाई म्हणजे काही कुणी परक्या नव्हेत, जिवाभावाची मैत्रीण. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, गाण्यात पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या, अडल्यानडल्याला धावून येणाऱ्या. मन कुठेतरी मोकळं करावं लागतंच की.

त्याच बुधवारी हेडबाईंनी डोळे मिटले आणि नाव घेऊन प्रार्थना केली. या लेकराचं पाऊल घसरलंय, बापा, तिच्या पोटातल्या जिवाला सांभाळ, तिच्या आईला हे ओझं वाहायला बळ दे. लेकरू मागच्याच खुर्चीवर बसलेलं होतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. डोळे उघडले तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती. आठवडा संपायच्या आत मुलगी गाव सोडून गेली. बाळ झालं ते तिकडेच. आता रविवारी फोन यायचा. मी बरी आहे, बाळ बरं आहे, ठेवते. बाळ चालायला लागलं तरी आजीनं त्याला मांडीवर घेतलं नव्हतं.

तेव्हापासून ऑर्गनबाईंच्या मनात एकच ध्यास होता. हेडबाईंचं नाक कापलं जाईल, चारचौघांत, त्याच खोलीत, आणि मग मुलीला सांगता येईल की ये, आता इथे मान खाली घालणारी तू नाहीस. सूड हा शब्द त्या मनातसुद्धा वापरत नसत. त्या 'न्याय' म्हणत. ऐकायला बरं वाटतं.

तोपर्यंत किरकोळ न्याय चालू होता. हेडबाई ज्या गीतात एकट्या गायच्या, ते ऑर्गनबाई एका पट्टीनं वर वाजवायच्या. वरच्या सुरावर हेडबाईंचा आवाज फाटायचा आणि शेवटच्या बाकावरचे म्हातारे खोकल्याच्या निमित्तानं हसून घ्यायचे. हेडबाईंचे स्कर्ट शाळेच्या शिपायाहाती दुरुस्तीला आले, की त्यांची कंबर दोऱ्याएवढी आत घेतली जायची. दर खेपेला दोऱ्याएवढीच. हेडबाईंनी बिस्किटं सोडली, मग साखर सोडली, मग सकाळचं फिरणं सुरू केलं. त्यांना उपाशी पोटी चहा पिताना पाहून ऑर्गनबाईंना फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोला?

पण हे सगळं चिल्लर होतं. घबाड हाती लागलं ते भावामुळे.

भाऊ कपडे धुण्याच्या कारखान्याची गाडी चालवायचा. दूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या चादरी न्यायच्या, आणायच्या. एक दिवस बहिणीकडे जेवता जेवता तो म्हणाला, "तुमच्या हेडबाईंचा मुलगा परदेशात असतो ना गं?"

"असतो म्हणजे काय! दर दोन महिन्यांनी बढती मिळते त्याला."

"मग आज मला चादरी मोजून कुणी दिल्या?"

ऑर्गनबाईंनी आपलं ताट बाजूला सारलं. रविवारच्या चहाला हेडबाई त्या मुलाचं कौतुक सांगायच्या, त्याचं ऑफिस, त्याची गाडी, त्याला मान देणारे साहेब. सगळी मंडळी तोंडभर कौतुक करायची. ऑर्गनबाईंनी भावाकडून खडान्‌खडा माहिती काढून घेतली. खिडकीजवळची खाट, हात थरथरतात, सकाळी बागेत पाणी घालतो. भावाला आणखी वाढलं. इतक्या प्रेमानं त्यांनी त्याला कित्येक महिन्यांत वाढलं नव्हतं.

येत्या रविवारी हेडबाईंना मंडळीच्या वडीलपदावर निवडायचं घाटत होतं. मंडळीचा कारभार वडीलच बघायचे, आणि वडील म्हणजे ज्याचं घर नीट, ज्याचं वागणं स्वच्छ. ऑर्गनबाईंनी त्याआधीचा बुधवार धरला.

खोलीत नेहमीचीच माणसं होती. पाळक, बेकरीवाला आणि त्याची बायको, पोस्टमास्तर, गाणाऱ्यांतल्या दोघी-तिघी, आणि कडेला हेडबाई, पाठ ताठ. ऑर्गनबाई कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसत. त्यांचा आवाज आला तसे सगळे जरा सावरून बसले.

"हे पित्या, आमच्या एका भगिनीचा मुलगा नशेच्या विळख्यात सापडलाय. लोकांना वाटतं तो परदेशात आहे. तुला ठाऊक आहे तो कुठे आहे. खिडकीजवळच्या खाटेवर त्याला रात्री झोप लागू दे. त्याचे हात थरथरायचे थांबू दे. आणि आमच्या हेडबाईंना, ज्या इतके दिवस हे दुःख लपवून हसत राहिल्या, त्यांना खरं बोलायचं बळ दे."

 नियम मोडून डोळे उघडायची ऑर्गनबाईंना भारी इच्छा झाली. चेहरा बघायचा होता, बाकी काही नको होतं. पण त्यांनी डोळे घट्ट मिटून ठेवले, कारण नियम नियम होता आणि त्या नियमानंच काम फत्ते होणार होतं. मग आमेन झालं. सगळ्यांत स्पष्ट आमेन हेडबाईंचं होतं.

त्या रात्री ऑर्गनबाई शांत झोपल्या. गुरुवारी सकाळी पाव आणायला गेल्या, तर बेकरीवाल्याची बायको झाकलेलं पातेलं घेऊन लगबगीनं निघालेली.

"हेडबाईंकडे चाललेय, सूप घेऊन. बिचाऱ्या. किती सोसलं त्यांनी एकटीनं."

दुपारपर्यंत हेडबाईंच्या दाराशी रांग लागली. पोस्टमास्तर फळं घेऊन गेले, गाणाऱ्या बायका घर आवरून आल्या, पाळक दोन तास बसले. रविवारी वडीलपदासाठी सगळ्यांचे हात वर झाले. ऑर्गनच्या बाकावर बसलेल्या ऑर्गनबाईंनाही हात वर करावा लागला, कारण सगळे त्यांच्याकडे कौतुकानं बघत होते. पाळकांनी तर उपदेशात सांगितलं, एका भगिनीनं दुसरीचं ओझं कसं उचललं. ऑर्गनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्या दाराशी सूप घेऊन कुणी आलं नव्हतं. मुलगी गेली त्या आठवड्यात लोक दुरुस्तीचे कपडेसुद्धा फाटकावरूनच देऊन गेले होते.

सोमवारी हेडबाई स्वतः आल्या. शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका झालेला.

"तुमचे आभार मानायला आले. तुम्ही बोललात म्हणून लोक आले. मला खोटं बोलून बोलून घुसमटायला झालं होतं."

"आभार नका मानू." ऑर्गनबाईंनी यंत्र थांबवलं नाही. "मी देवाशी बोलत नव्हते. तुमच्याशी बोलत होते."

"मला कळलं होतं."

आता यंत्र थांबलं.

"खिडकीजवळची खाट म्हणालात तेव्हाच कळलं," हेडबाई म्हणाल्या. "असं बारीक सारीक लक्षात ठेवून माणूस प्रार्थना करत नाही. मीही त्या दिवशी देवाशी बोलत नव्हते, ऑर्गनबाई. माझ्या पोराचं तेव्हाच बिघडायला लागलं होतं. कुणाच्या तरी घरात माझ्यापेक्षा वाईट घडलंय, हे सगळ्यांना कळावंसं वाटलं. बस, एवढंच. त्यानंतर तुमच्या दारात यायचं धाडस झालं नाही."

याच कबुलीसाठी ऑर्गनबाई झुरल्या होत्या, आणि आता ती समोर आली तर बंद खोलीत, स्टुलावर, दोघींच्यात. हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑर्गनबाईंना त्याची दया आली नाही.

"हे मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "बुधवारी सांगा. खोलीत. सगळ्यांचे डोळे उघडे असताना."

"वडील झाल्यावर पहिल्याच बुधवारी?"

"तेव्हाच. माझी मुलगी फोनवर ऐकेल."

हेडबाई स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "बरं."

मुलीला तयार करायला ऑर्गनबाईंना फार मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. कशाला आई, झालं गेलं, मुलगी म्हणत होती. पण शेवटी हो म्हणाली. बुधवारी ऑर्गनबाई नवा ब्लाउज घालून गेल्या. फोन लावला, आवाज मोठा केला आणि मधल्या टेबलावर ठेवला. तिकडून बाळाचं बोबडं बोलणं ऐकू येत होतं.

हेडबाई उभ्या राहिल्या. सवयीनं सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "मी प्रार्थना करत नाहीये."

आणि त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, मुलीचं नाव घेऊन, त्या बुधवारी आपण काय केलं आणि का केलं. पोस्टमास्तरांनी मान फिरवली. बेकरीवाल्याची बायको तोंडाला रुमाल लावून बसली.  हेडबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ऑर्गनबाई तो डोळे भरून बघत होत्या. त्यांनी मनात रंगवला होता, अगदी तसाच.

"ऐकलंस ना?" त्या फोनवर वाकून म्हणाल्या. आवाजात विजय मावत नव्हता. "सगळ्यांसमोर कबूल केलंय. आता घरी ये."

फोनमध्ये काही क्षण नुसतं बाळच बोलत होतं.

"हेडबाई, तुम्ही बोललात ते बरं केलंत," मुलगी म्हणाली. "मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. माझा तुमच्यावर तसा राग नव्हताच कधी. तुम्हाला थोडंच मी काही सांगितलं होतं." ती थांबली. "मी आईला सांगितलं होतं."

सगळ्यांचे डोळे उघडे होते, आणि ते सगळे ऑर्गनबाईंकडे वळले.

"आई, बाळाला झोपवायचंय," मुलगी म्हणाली. "ठेवते."