दोघांच्या मापाची गादी

मी गुडघ्याखालची गादी बोलतेय. चर्चमध्ये वेदीसमोर टेकताना फरशी टोचू नये म्हणून लोक घेतात ना, ती. बाकीच्या गाद्या एकेकाच्या मापाच्या. मी मात्र दोघांच्या मापाची, कारण मला शिवणाऱ्या बाईला नवऱ्याच्या खांद्याला खांदा लागल्याशिवाय प्रार्थना केल्यासारखं वाटत नसे. घरच्या जुन्या गादीतला कापूस पिंजून तिने माझ्यात भरला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तरी चुळबुळ करू नका."

नवरा गवंडी. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. बारा वर्षं दर रविवारी दोघं माझ्यावर टेकली. माणसं मनात काय मागतात ते देवाला ठाऊक, मला फक्त गुडघे कळतात. घाईचे पुढे कलतात, रागातले रुततात आणि झोपाळू गुडघे, म्हणजे मिस्त्रीचे, हळूहळू मागे सरकतात.

मिस्त्रीचा एक जोडीदार होता. कामावर सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. चर्चची मागची भिंत त्यानेच बांधली, पण आत कधी आला नाही. "तू जा, माझ्या वाटचंही माग," म्हणायचा आणि बाहेरच्या कठड्यावर बसून राहायचा.

एका सकाळी कामावर, तिसऱ्या मजल्याशी दोघं उभे होते त्या परांचीचा दोर तुटला. दोर कुजलाय, हे दोघांनी ठेकेदाराला चारदा सांगितलं होतं. पायाखालची फळी कलंडली, तशी शिट्टीने मिस्त्रीला भिंतीकडे ढकललं. तो स्वतः खाली पडला आणि जागीच गेला.

पुढच्या रविवारी मिस्त्रीने पाळकसाहेबांना विचारलं, "तो आता कुठे असेल?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांना खोटं बोलवेना. "आत्म्याचं तारण ज्याचं त्याचं असतं, मिस्त्री. त्याने प्रभूला कधी हाक मारली नाही. मी काय सांगू?"

"मग मला ढकललं ते कोणाच्या नावाने?"

पाळकसाहेब बायबलची पानं चाळू लागले.

"तो बाहेर आणि मी आत, असं असेल तर मला आत यायचंच नाही," म्हणून मिस्त्री उठला, तो परत टेकला नाही. माझी त्याच्याकडची बाजू तेव्हापासून फुगलेलीच आहे.

बाईचा जीव टांगणीला लागला. तिची श्रद्धा पाळकसाहेबांसारखीच: हाक ज्याची त्याने मारायची. म्हणजे नवरा तिच्या डोळ्यांदेखत बुडत होता. तिने नेम केला, तो शेजारी टेकेपर्यंत चर्चमध्ये सगळ्यांना वाटतात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायचा नाही. शिवाय बुधवारचा उपास. तीन वर्षं भाकरीचं ताट तिच्यापुढून तसंच पुढे जातंय.

"बाई, त्याच्यापायी स्वतःचं तारण पणाला लावू नका," पाळकसाहेब कळवळून म्हणाले.

"माझं एकटीचं घेऊन मी तिथे करू काय? मला एकटीची सवय नाही."

मिस्त्रीही दुसरं काय म्हणाला होता? पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

पुढे सिमेंटच्या धुळीने मिस्त्रीची छाती धरली. परवा डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं, आता औषधाने काही होणार नाही म्हणून. आज दुपारी ती कोणालाही न विचारता मला काखोटीला मारून घरी घेऊन आली.

मिस्त्रीने खाटेवरून पाहिलं. "देवाघरची गादी चोरलीस? गेलं तुझं तारण."

"अहो, थट्टा पुरे. एकदा फक्त हाक मारा. तुम्हाला उठवत नाही, तर मी टेकते तुमच्या जागी."

"आधी शिट्टीसाठी माग."

ती चरकली. गेलेल्यासाठी मागून आता उपयोग नाही, हेच ती लहानपणापासून शिकलेली. तरी माझ्या त्या फुगलेल्या बाजूवर टेकली आणि म्हणाली, "प्रभू, शिट्टीलाही घे." तिचे गुडघे आधीपेक्षा हलके लागले.

"झालं. आता तुम्ही."

मिस्त्रीने बराच वेळ श्वास गोळा केला. "अजून एक राहिला. ठेकेदार."

"तो?"

"त्याला बाहेर ठेवून मी कुठल्या तोंडाने आत जाऊ? मलाही जमलेलं नाही गं. तीन वर्षं ओठांवर येतंय आणि परत जातंय. तू म्हण, मग मी तुझ्यामागून म्हणतो."

तिचे गुडघे रुतले. "दोर कुजलाय हे माहीत होतं त्याला."

"होतं."

"शिट्टीच्या घरी तोंडसुद्धा दाखवलं नाही त्याने."

"नाही दाखवलं."

तेव्हापासून ती माझ्यावर तशीच आहे. खिडकीतलं ऊन खाटेवरून भिंतीवर चढलंय. मध्येच मिस्त्रीचा श्वास अडतो, ती दचकून मान वर करते, मग तो पुन्हा सुरू होतो. दोनदा तिने तोंड उघडलं. "प्रभू" म्हणते पण ठेकेदारावर येऊन अडते.

मी कापसाची. मला ना हात जोडता येत, ना बोलून देवाला ऐकवता येत. म्हणून तुम्हाला विनवते. तुम्ही जिथे असाल तिथे, त्या ठेकेदारासाठी एक शब्द टाका. तुमची त्याची ओळख नाही, तेच बरं, तुम्हाला एवढं जड जाणार नाही. तिच्या एकटीच्याने होत नाहीये, आणि वेळ फार उरलेला नाही.