मालक कोण? एकच नाव लिहा

दिघोरीच्या गोमाजीला सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शेतातून हाकललं, आणि तेही फोनवरून.

सकाळची सातची वेळ. चहाचा कप बाजूला, चष्मा नाकावर, आणि रोजच्यासारखा त्याने शेतीचा गेम उघडला, तर शिवार दिसेचना. धानाची हिरवीगार बांधी नाही, विहीर नाही, कोपऱ्यातलं ते मोठं झाड नाही. नुसता काळा पडदा आणि त्यावर दोन ओळी. गोमाजीने त्या ओठ हलवत वाचल्या. 'हे खाते दोन फोनांवरून वापरले जात असल्याचे आढळले आहे. नियमभंगामुळे खाते बंद करण्यात येत आहे.'

त्याने फोन बंद करून चालू केला. मांडीवर दोनदा आपटून पाहिला. काळा पडदा जागचा हलला नाही.

"काय झालं जी?" त्याच्या बायकोने, रंभाबाईने, चुलीपासून विचारलं.

"काही नाही," गोमाजी म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठला. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने चहा टाकलेला रंभाबाईने पाहिला नव्हता.

आता सहासष्ट वर्षांचा गडी खोट्या शेतासाठी एवढा कासावीस होतो म्हटल्यावर कुणालाही हसू येईल. हसणाऱ्यांनी हसावं, पण आधी पुढचं ऐकून घ्यावं.

गोमाजीच्या अंगणात मधोमध एक भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे त्याचा धाकटा भाऊ सोमाजी राहतो, आणि दोघांमध्ये अकरा वर्षांपासून एक शब्द नाही. वाटणी झाली तेव्हा मोजणीवाल्याने दगड रोवले आणि नेमकं मोहाचं जुनं झाड दोन शेतांमधल्या धुऱ्यावर आलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. चैत्रात फुलं पडायला लागली की टोपल्या घेऊन दोन्ही घरच्या बाया धुऱ्यावर, आणि मग शब्दाला शब्द. एका वर्षी सोमाजी लग्नाला पवनीकडे गेलेला असताना गोमाजीचं डोकं फिरलं. त्याने माणसं बोलावली आणि झाडच तोडून टाकलं. सोमाजी परत आला, धुऱ्यावर गेला, उरलेल्या बुडाकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि घरी आला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडलाच नाही. त्या दिवसापासून त्याने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

भांडण बापांचं होतं, पोरांचं नव्हतं. सोमाजीची मुलगी गुड्डी लहानपणापासून दोन्ही घरी हक्काने शिरायची, दोन्हीकडे जेवायची. दोन वर्षांपूर्वी गोमाजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि शेतावर जाणं सुटलं, तेव्हा खाटेवर पडून सगळ्या घरावर डाफरणाऱ्या मोठेबाबाला तिनेच हा खेळ लावून दिला. बांधी नांगरायची, धान रोवायचं, पाणी द्यायचं, कापायचं. नवं खातं उघडण्याचा पोरीला कंटाळा आला म्हणा किंवा तिच्या मनात आणखी काही होतं म्हणा, तिने बापाच्या फोनवर होतं तेच खातं मोठेबाबाच्याही फोनवर चालू करून दिलं, आणि दोघांनाही त्यातलं काही सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस गोमाजीला वाटलं, शेत आपोआपच पिकतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने अर्धी बांधी रोवून ठेवली. संध्याकाळी पाहतो तर उरलेली अर्धी कुणीतरी रोवून टाकलेली, आणि रोवणाऱ्याने बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्याकडचा कोपरा तेवढा रिकामा सोडलेला. गोमाजी उठून बसला. शिदोरी खायला जागा हवी म्हणून बांधीचा कोपरा रिकामा सोडायची खोड त्याने जन्मात एकाच माणसाची पाहिली होती. त्यापायी तो माणूस लहानपणी आईच्या शिव्याही खायचा.

गोमाजीने कुणाला काही सांगितलं नाही. त्याने एवढंच केलं, की त्या कोपऱ्यात त्यानेही कधी रोवलं नाही.

महिन्याभराने त्या कोपऱ्यात एक झाड उभं राहिलं. खेळात मोह मिळत नाही. जी काही झाडं मिळतात त्यातलं सगळ्यात मोहासारखं दिसणारं झाड निवडलेलं होतं. ते पाहून गोमाजीला लाज वाटली. पाणी चुकलं तर झाड वाळतं असं खेळात लिहिलं होतं. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर तो आधी झाडाला पाणी द्यायचा, मग बाकीची कामं. पुढे त्याने पैसे भरून विहीर घेतली. आठ दिवसांनी शिवारात पांढऱ्या बैलांची जोडी आली. ती कुणी घेतली हे विचारायची गरज नव्हती. अशी दोन वर्षं दोघा भावांनी एक शेत सामाईक केलं, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, मध्ये धुरा नाही की दगड नाही. आणि आता तेच गेलं. दुसरं काही दोघांमध्ये नव्हतंच. भिंतीवरून हाक मारून विचारावं, तर कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी त्याने साकोलीची बस धरली. गुड्डी तिथे एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे अर्ज भरायच्या कामाला आहे. तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोरची गर्दी ओसरल्यावर त्याचा फोन हातात घेतला.

"विहीर म्या पैसे देऊन घेतली होती ना?" गोमाजीने विचारलं.

"घेतली होती."

"मंग ते माही नाही?"

"नाही मोठेबाबा. कंपनी म्हन्ते का विहीर कंपनीचीच. तुमी पैसे देल्ले ते वापराचे. तसं लिवलंच आहे नियमात, आपन वाचत नाही. यष्टीचं तिकीट काढलं म्हून सीट घरी नेता येते का?"

"सीट नाही नेत. पन तिकीट काढल्यावर मंधात उतरवून बी नाही देत."

गुड्डीने फोनवर बोट सरकवलं. "एक रस्ता आहे. अर्ज करा लागते. दोघानं वापरलं म्हून बंद केलं, तं खात्याचा मालक कोन थे सांगा. एकच नाव चालते. त्याले खातं वापस भेटन, सगळ्या सामानासकट. दुसऱ्याले कायमचं बंद."

हाच प्रश्न गोमाजीला एकदा तहसील कचेरीत विचारला होता. तेव्हा तो जरासुद्धा थांबला नव्हता. टेबलावर हात आपटून त्याने बोडीलगतची चांगली बांधी मागून घेतली होती, आणि सोमाजी शेजारी उभा राहून खाली पाहत होता. ते खाली पाहणं गोमाजीला आज इतक्या वर्षांनी साकोलीच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दिसलं.

"लिव," तो म्हणाला. "मालक सोमाजी."

गुड्डीचं बोट थांबलं. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे अशी पाहायला लागली, की गोमाजीलाच अवघडल्यासारखं झालं.

"पक्कं ना मोठेबाबा? मंग तुमाले नाही जाता येनार त्याच्यात."

"पक्कं. अन् तुह्या बापाले सांगू नको. कंपनीनंच वापस देलं म्हून वाटू दे त्याले."

"नाही सांगत," गुड्डी म्हणाली, आणि तोंड वळवून खिडकीकडे पाहत राहिली. पोरीला आपली कीव आली असेल, असं गोमाजीला वाटलं. परतीच्या बसमध्ये त्याला वाईट वाटत होतं, नाही कसं म्हणावं. पण झाडाला पाणी देणारं कुणीतरी राहील, एवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. कंपनीचं उत्तर आलं होतं, ते गुड्डीने पाठवलं होतं. गोमाजी अंगणात भिंतीच्या सावलीत बसला होता. त्याने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

'या खात्याबाबत दोन अर्ज मिळाले. पहिल्या अर्जदाराने खात्याचा मालक म्हणून गोमाजी हे नाव दिले आहे. दुसऱ्या अर्जदाराने सोमाजी हे नाव दिले आहे. दोन्ही अर्जदारांनी स्वतःची मालकी नाकारल्यामुळे खात्याला मालक नाही असे मानण्यात येत आहे. खाते व त्यातील सर्व वस्तू कायमच्या बंद करण्यात येत आहेत.'

खाली गुड्डीने स्वतःची एक ओळ लिहिली होती. 'तुमच्या आदल्याच दिवशी बाबा येऊन गेले होते. त्यांनीही सांगू नको म्हटलं होतं. दोन्ही अर्ज मीच पाठवले. राग आला तर मला बोला.'

गोमाजीने ते तीनदा वाचलं. भिंतीच्या पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग खाट करकरली आणि पुन्हा शांत झालं. गोमाजीने काठी घेतली. अंगणातून चार पावलांचं अंतर, पण भिंत होती, म्हणून तो फाटकातून रस्त्यावर आला, वळसा घालून धाकट्याच्या दारापाशी गेला आणि तिथे थांबला. रंभाबाई पदर सावरत मागे येऊन उभी राहिली.

सोमाजी खाटेवर फोन हातात धरून बसला होता. किती पिकला होता हा. भिंतीपलीकडे राहणारा माणूस, आणि गोमाजीने त्याचे पांढरे केस आज नीट पाहिले.

"सोमा," तो म्हणाला.

सोमाजी उठला. खाटेवरची चादर हाताने झटकली. "ये भाऊ. बस. उभा नोको राहू, गुडघा दुखन."

दोघं बसले. गोमाजीच आधी म्हणाला, "झाड बी गेलं रे त्याच्यात."

"गेलं."

"पह्यलं म्या तोडलं होतं." गोमाजीने काठी बाजूला ठेवली. "चुकलं माहं, सोमा. लय चुकलं."

सोमाजी खाली पाहत होता, कचेरीत पाहत होता तसाच. "तुले मालूम होतं, दुसरा कोन खेळते थे?" त्याने विचारलं.

"कोपरा सोडला तवाच समजलं. अन् तुले?"

"म्या झाड लावलं ना, तं रोज सांजच्याले पानी द्याले जाऊ. रोज पाहो तं पानी आधीच देल्लं राहे. एक दिवस बी चुकलं नाही." सोमाजीने हातातला फोन खाटेवर ठेवला. "दोन वर्षं म्या फक्त थेच पाह्याले उघडत होतो भाऊ."

गोमाजीच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती पुसली नाही, भावासमोर कसली लाज. सोमाजीने खुंटीवरचा शेला काढून त्याच्या हातात दिला.

"एक सांगू?" थोड्या वेळाने सोमाजी म्हणाला. "धुऱ्यावरच्या बुडाले फुटवा आला आहे. दोन साल झाले. तुहं शेतावर जानं बंद झालं म्हून तुले नाही दिसला. माह्या डोक्याइतका झाला आता. उन्हाळ्यात पानी द्या लागते, थे मी देतो. तुह्याच बोडीतलं."

"माह्या बोडीतलं?"

"तुले इचाराले कोन येत होतं?"

गोमाजीला हसू आलं, रडता रडताच. शेला तोंडाशी धरून त्याने विचारलं, "कवा देतं पानी?"

"सकाळी. सांजच्याले जमत नाही."

"मंग सांजचं माह्याकडं. हळूहळू जाईन काठी घेऊन."

रंभाबाई आत निघून गेली होती. स्वयंपाकघरात दोन जावांचं बोलणं ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळाने भात आणि वरणाची दोन ताटं बाहेर आली. दोघं भाऊ समोरासमोर जेवायला बसले. सोमाजीने न विचारता आपल्या ताटातली लोणच्याची फोड मोठ्याच्या ताटात टाकली, कारण गोमाजीला ती लागते हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात सोमाजीचा फोन वाजला. साकोलीहून गुड्डी होती. तिचा घाबरलेला आवाज गोमाजीलाही ऐकू येत होता. "बाबा, उत्तर वाचलं का? मोठेबाबा लय नाराज झाले असन. मी सुट्टी घेऊन येऊ का सांजच्या बसनं, त्याहिले समजवाले?"

"तू कायले येतं?" सोमाजी तोंडातला घास गिळत म्हणाला. "अथीच बसून आहे तुहा मोठेबाबा. जेवून राहिला."