भुऱ्याचं खोकं

"जा रं आत. बघ, गूळ-भाकर हाय."

दौलतनं तुकडा खोक्याच्या पार आतल्या कोपऱ्यात सरकवला. भुऱ्या कुत्र्यानं मान लांब करून वास घेतला, शेपूट हलवलं आणि तिथंच बसून राहिला.

"न्हाय जायाचा तो," भाजी निवडत दौलतची बायको कमळ म्हणाली. "सहा दिस झाले. तुम्हीच खाऊन टाका ती भाकर."

खोकं दौलतनंच आणलेलं. वळ गावच्या गोदामात तो एकोणीस वर्षं पॅकिंगला होता. तिथं आलेल्या मशीनच्या पेटीच्या फळ्या जोडून त्यानं ते बनवलं. भुऱ्या हायवेवरून घरी आला तेव्हा हॉर्न ऐकला की पलंगाखाली शिरून मुतायचा. उन्नतीनं, लेकीनं, मोबाईलवर बघून सांगितलं होतं, "बाबा, त्याला त्याची जागा पायजे. पण कोंडायचं न्हाय. त्याच्या मनानं जाऊ दे."

"तुझ्या आजोबाला येगळी खोली न्हवती, आणि ह्याला पायजे," दौलत हसला होता. पण रोज आत घास ठेवून, शेजारी बसून विठ्ठलाचं नाव गुणगुणत त्यानंच महिनाभरात भुऱ्याला तिथं रुळवलं. पुढे ट्रक वाजला की भुऱ्या आपणहून आत जाऊन वेटोळं करायचा.

मग सप्ताहाचा शेवटचा दिवस आला. आदल्या दिवशी भुऱ्या दौलतच्या मागं देवळात आला होता आणि टाळकऱ्यांच्या रांगेतून थेट महाराजांच्या पायाशी. सगळे हसले. दौलतचे कान तापले. म्हणून काल्याच्या सकाळी त्यानं भुऱ्याला आत घातलं, दार लोटलं. दाराला कडी नव्हती. हातांनी सवयीनं काम केलं: गोदामातली प्लास्टिकची पट्टी, खोक्याभोवती दोन वेढे, वर क्लिप. माल बांधावा तसा.

"अर्ध्या तासात येतो सोडायला," तो फटीतून म्हणाला.

कीर्तन असं रंगलं की विचारू नये. महाराज एकेका गोपाळाची शिदोरी सोडत होते. कुणाचं दही, कुणाचा शिळा भात, सगळं एका पानावर. "काल्याला कुणाला बाहेर ठेवायचं नसतं, मायबाप." दौलतच्या डोळ्यांना धार लागली. आणि नेमकं तेव्हाच त्याला आठवलं.

घर दहा मिनिटांवर होतं. पण यंदा पहिल्यांदाच त्याला पखवाजाशेजारची जागा मिळाली होती. एवढा अभंग होऊ दे, तो मनात म्हणाला. मग हंडी फुटेपर्यंत थांबला. मग प्रसादापर्यंत.

घरी आला तेव्हा काल्हेरला शिफ्ट करून आलेली उन्नती जमिनीवर बसली होती. जवळ विळी, कापलेली पट्टी. भुऱ्याची दोन नखं उखडली होती. फळ्या ओल्या होत्या.

"विसरलास ना, बाबा?"

"हां. कीर्तनात भान न्हवतं."

"व्हतं असं," ती म्हणाली आणि हळद आणायला उठली.

त्या 'व्हतं असं'ला सहा दिवस झाले होते.

आज त्यानं बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दार हातात आलं. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते, खालपासून वरपर्यंत. त्यानं ते भिंतीला लावलं, जमिनीवर पालथा पडला आणि डोकं, खांदे खोक्यात घातले. लाकडाचा वास अजून गेला नव्हता. मुताचाही.

दारात चपला वाजल्या.

"बाबा, हे काय?"

"मला आठवण झाली व्हती, उन्नती." आतून आवाज घुमल्यासारखा आला. "तिथंच. कीर्तनात. मी उठलो न्हाय."

कमळचे भाजीवरचे हात थांबले. उन्नतीनं पर्स खाली ठेवली. बाहेर रस्त्यावर एक कंटेनर लांब हॉर्न देत गेला. भुऱ्या दचकला, खोक्याकडे आला, त्याच्या तोंडाशी थबकला.

आत गेला नाही. पण वळून आला आणि दौलतच्या तळपायावर हनुवटी टेकून थरथरत पडून राहिला.

दौलतच्या पायाला मुंग्या आल्या. त्यानं पाय हलवला नाही.