मराचेकाइट: काठिण्य दोन

मी मराचेकाइट बोलतोय. नाव जड आहे, मी नाही. गारगोटीच्या खळगीत चिकटलेला, खसखशीच्या दाण्याएवढा पिवळसर केसाळ झुबका, एवढाच माझा संसार. जात फॉस्फेट. वय कोटींत मोजावं लागेल. अगदी अलीकडेपर्यंत मी बिननावाचा होतो आणि माझं काही अडलं नव्हतं.

पश्चिम बोहेमियातल्या कथिलाच्या खाणीतून नको असलेल्या दगडांबरोबर मलाही बाहेर फेकलं गेलं. त्या ढिगावर मी पन्नास हिवाळे काढले. मग एका ऑक्टोबरात अलोइस स्कालनिक आला. निवृत्त बसड्रायव्हर, दगड गोळा करायचा जुना नाद, गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. त्यानं दगड फोडला, डोळ्याला भिंग लावलं आणि मला उजेडाकडे फिरवलं.

"आयला, तू कोण रे?"

असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

अंड्यांच्या खोक्यात बसून मी शहरातल्या खनिज संस्थेत पोचलो. तिथे डॉ. लिबूशे होत्या. माणसांची ओळख करून घ्यायची रीत अजब. आधी दळतात, मग विचारपूस करतात. माझा निम्मा अंश भुकटी होऊन क्ष-किरणांपुढे गेला. बाई चार महिने आकडे जुळवत राहिल्या. मग एके दिवशी त्यांनी अलोइसला फोन केला, "काका, बसा आधी. हे जगात कुठेच नोंदलेलं नाही. नवीन आहे!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीय," अलोइस म्हणाला.

बातमी संचालकांच्या कानावर गेली. प्राध्यापक ओतकार मराचेक. त्यांच्या सहीशिवाय निबंध संस्थेबाहेर जात नसे आणि प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचंच असे. सही ते करत, वाचत नसत.

"लेखक मी आणि तुम्ही," ते म्हणाले. "त्या ड्रायव्हरचे तळटीपेत आभार माना. आणि हो, पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतायत. 'मराचेकाइट' कानाला बरं वाटतं, नाही?"

"फार बरं वाटतं, सर. पण नियम आड येतो. निबंधाच्या लेखकाला खनिजाला स्वतःचं नाव देता येत नाही. एक तर तुम्ही लेखक व्हा, नाहीतर खनिज."

सरांचा चेहरा असा झाला, जणू दोन ताटं मांडून कुणी म्हणावं, एकाच ताटावर बसा. तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी लेखकपद सोडलं. निबंध काय, दोनशे होते. दगड एकही नव्हता.

"मग दुसरा लेखक म्हणून स्कालनिक काकांचं नाव घालते," बाई सहज म्हणाल्या.

"घाला हो कुणाचंही!" सरांनी सही ठोकली. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची लेखी संमती लागते, तीही दिली. एकच पुरेशी होती, त्यांनी तीन प्रती दिल्या.

जगभरच्या तज्ज्ञांनी मतदान केलं आणि माझं बारसं झालं. सरांच्या साठीला संस्थेत बिअरचे ग्लास आणि हॅम लावलेले पावाचे तुकडे फिरू लागले. नुकतंच छापून आलेलं नियतकालिक उघडून सर स्वतः खणखणीत आवाजात वाचू लागले.

"मराचेकाइट मऊ असून नखानेही त्यावर ओरखडा उमटतो. चमक मेणचट. ठिसूळ. सौम्य आम्लात... तत्काळ विरघळतो." आवाज उतरला. "उपयोग ज्ञात नाही."

मागे कुणाला तरी ठसका लागला. मग भिंतीकडे तोंड करून सगळेच खोकू लागले.

सरांनी लिबूशेबाईंना खिडकीशी ओढलं. "अहो, काठिण्य दहापैकी दोन? दुरुस्तीपत्रक काढून पाच तरी करा!"

"सर, मोजलंय ते. आणि मजकूर बदलायचा अधिकार फक्त लेखकांचा."

सरांनी वळून पाहिलं. दुसरा लेखक कोपऱ्यात हॅम खात उभा होता.

"काका," सर प्रथमच असं म्हणाले, "तुमचं काय मत?"

अलोइसनं घास गिळला. "सर, मी चाळीस वर्षं बस चालवली. जागा नसताना आहे म्हणून कधी सांगितलं नाही."

आता मी संग्रहालयाच्या कपाटात असतो, काचेच्या डबीत. गेल्या मंगळवारी अलोइस बायकोला घेऊन आला. आन्येश्काबाईंनी सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवण्याआधीच सुनावलं, "एवढ्यासाठी वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात चिखलाचे बूट?"

"बघ तर खरं."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ डोळा उचलला नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "किती सुरेख आहे हो!"

सोळा पानांचं माझं वर्णन छापलंय. त्यात हा शब्द नाही. तुम्हीही कधी या भागात आलात, तर कपाटावरची पाटी वाचत बसू नका. जरा वाकून मलाच बघा.